रोजच्या वस्तूंची शिल्पं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका भाड्याच्या शेडमध्ये मी वाट्या, बेअरिंग, सायकलच्या चेन, कुलपं, दुधाचे कॅन अशा वस्तू जोडून शिल्पं करतो. शटर उघडं असलं की जाणारा-येणारा थांबतो आणि विचारतो. फोनवर कलाशाखेची मुलं विचारतात, त्यांचे आई-वडील वेगळंच विचारतात, मंडळांची पोरं तर श्रावण लागला की रोज येतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोजच्या वस्तूंचं शिल्प म्हणजे नेमकं काय? भंगारातली कला म्हणतात ती हीच का?

साच्यातून, प्रेसमधून किंवा यंत्रावरून एकसारख्या हजारोंनी निघणाऱ्या वस्तू घ्यायच्या आणि त्या ओळखू येतील अशाच ठेवून त्यांतून शिल्प उभं करायचं. 'ओळखू येतील' हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पितळेच्या वाट्या वितळवून ओतकाम केलं तर ते पितळेचं शिल्प झालं, वाट्यांचं नाही. वाटी वाटीच राहिली पाहिजे. बघणाऱ्याला तिच्यातली आमटी आठवली पाहिजे, आणि त्याच वेळी समोर दुसरंच काहीतरी दिसलं पाहिजे.

भंगारातली कला याच्या जवळची आहे, पण तीच नाही. भंगार ही वस्तूची अवस्था झाली. दुकानातून आणलेल्या पाचशे कोऱ्या वाट्या भंगार नसतात, तरी त्यांचं शिल्प होतं. उलट गंजक्या पत्र्याचे तुकडे कापून घोडा केला आणि तो पत्रा आधी कशाचा होता ते कळेनासं झालं, तर ती चांगली कलाकृती असेलही, पण या पानाचा विषय ती नाही.

२. वस्तू कारखान्यात तयार झाली, मग शिल्पकारानं केलं काय?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि अजून जिवंत आहे. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यानं १९१३ साली एका स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं. १९१४ साली पॅरिसच्या दुकानातून बाटल्या वाळत घालायचा लोखंडी स्टँड विकत घेतला आणि काही न करता तोच आपली कलाकृती म्हणून ठेवला. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये पुरुषांच्या मुतारीचं चिनी मातीचं भांडं आडवं ठेवून त्यावर 'आर. मट' अशी सही केली, 'फाउंटन' असं नाव दिलं आणि प्रदर्शनाला पाठवलं. पैसे भरेल त्याचं काम मांडायचं, असा त्या प्रदर्शनाचा नियम होता. तरी ते मांडलं गेलं नाही. मूळ भांडं पुढे हरवलं. राहिला तो आल्फ्रेड स्टीग्लिट्झनं काढलेला फोटो. अशा वस्तूंना द्युशाँनं 'रेडीमेड' म्हटलं.

त्यानं केलं ते असं: हजारांतून एक वस्तू निवडली, तिची रोजची बैठक मोडली, तिला नाव दिलं. हात कमी लागला, नजर जास्त लागली.

मला स्वतःला मात्र पिकासोचा बैल अधिक जवळचा आहे. १९४२ साली त्यानं सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडल्या: सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. बेंदराला मातीचे बैल पुजणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना मी त्याचा फोटो दाखवतो. एकालाही सांगावं लागलेलं नाही की हा बैल आहे. आणि एकही पोरगं असं नाही, की ज्यानं पुढच्याच क्षणी "अय्या, सायकल!" म्हटलं नाही. या दोन क्षणांमधली उडी म्हणजेच शिल्प.

३. मग मी उद्या घरची बादली नेऊन प्रदर्शनात ठेवली तर चालेल?

ठेवायला कुणाची हरकत नाही. पण नुसतं उचलून ठेवणं ही गोष्ट १९१३-१४ साली नवी होती, आता नाही. बादलीच का, आणि हीच बादली का, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे: हीच आकृती मातीत केली असती तर काही हरवलं असतं का? हरवत नसेल, तर वस्तू फुकट वापरली.

४. आपल्या देशात असं काम कोणी केलंय? कुठून बघायला सुरुवात करू?

सुबोध गुप्तांपासून करा. १९६४ साली बिहारमधल्या खगौलला त्यांचा जन्म झाला. स्टीलचे डबे, ताटं, किटल्या, पातेली अशी आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातली भांडी ते वापरतात. २००६ सालचं 'व्हेरी हंग्री गॉड' ही भांड्यांची प्रचंड कवटी आहे. २००८ सालचं 'लाइन ऑफ कंट्रोल' म्हणजे अणुस्फोटाच्या ढगाच्या आकारात उसळलेली भांडी. हजार माणसांची पंगत उठेल इतकी भांडी, आणि आकार सर्वनाशाचा. ही भांडी चकाकतात, म्हणूनच ती भीती अंगावर येते. गंजकी असती तर तेवढी आली नसती.

दुसरे नेकचंद. ते चंडीगढला सरकारी खात्यात रस्ते निरीक्षक होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी जंगलाच्या जागेत, कुणाला न सांगता, फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेचं टाकाऊ सामान लावून आकृत्या उभ्या करायला सुरुवात केली. १९७६ साली ती रॉक गार्डन लोकांना खुली झाली. तिथे एकेक बांगडी एकट्यानं काही बोलत नाही, पण बांगड्यांनी मढवलेल्या बायकांची रांग उभी राहिली की बोलते. विवान सुंदरम यांनीही टाकाऊ वस्तूंची अख्खी शहरं मांडली आणि त्यांचे फोटो काढले, तेही जरूर पाहा.

दिल्लीला २०१९ पासून 'वेस्ट टू वंडर' नावाची बाग आहे, तिथे भंगारातून जगातल्या प्रसिद्ध वास्तू उभ्या केल्या आहेत. कारागिरी फार कष्टाची आहे. पण माझं मत विचाराल तर तिथे लोक आयफेल टॉवरशी फोटो काढतात, त्यातल्या भंगाराशी नाही. आकार इतका ओळखीचा आहे की वस्तू मागे पडते.

परदेशातले दोघे आवर्जून सांगतो. घानाचे एल अनात्सुई बाटल्यांची धातूची झाकणं चेपून तांब्याच्या तारेनं विणतात आणि भिंतभर पसरणारं वस्त्र तयार करतात. आणि चांदीकामाच्या हुपरीहून येणाऱ्या मित्रांना मी कॉर्नेलिया पार्करबद्दल सांगतो. ब्रिटनच्या या बाईंनी १९८८-८९ मध्ये चांदीचा मुलामा असलेली हजाराहून जास्त भांडी, चमचे, मेणबत्तीचे स्टँड रस्त्यावर मांडून त्यावरून रोलर फिरवला, आणि ती चपटी झालेली चांदी तारांनी तीस पुंजक्यांत जमिनीच्या थोडी वर टांगली. चांदीवर आयुष्य घालवलेला माणूस हे ऐकून आधी चिडतो, मग बराच वेळ गप्प बसतो.

५. हे सगळं बाहेरचंच खूळ नाही का? आपल्या कोल्हापूरला याच्याशी काय देणं-घेणं?

'रेडीमेड' हा शब्द बाहेरचा आहे. पण वस्तूला तिच्या जागेवरून उचलून दुसरा अर्थ द्यायची सवय आपली जुनी आहे. गुढी बघा. वेळूची काठी, जरीचं वस्त्र, कडुलिंब, साखरेची माळ आणि वर पालथा तांब्या. तो तांब्या घडवताना तांबटानं गुढीचा विचार केलेला नसतो. आपण तो पालथा घालतो, उंच नेतो, आणि तो पाण्याचं भांडं राहूनच दुसरं काही होतो. संध्याकाळी गुढी उतरली की तोच तांब्या परत पाण्याला. याहून नेमकं उदाहरण मला द्युशाँतही सापडलेलं नाही.

कित्येक घरांत गौरीचा मुखवटा डब्यावर किंवा हंड्यावर चढवतात आणि साडी नेसवतात. लग्नातलं रुखवत घ्या. आजीच्या घरातली उतरंड घ्या, एकावर एक मडकी, खालचं मोठं, वरचं लहान. तिचा तोल बघितला की कळतं, रचणं ही सुद्धा घडणच आहे.

कोल्हापूरचं म्हणून वेगळं काही असेल तर ते यंत्र उघडून बघायचं धाडस. बाबूराव पेंटर चित्रकार होते, शिल्पकार होते, आणि सिनेमाचा कॅमेरा विकत मिळेना म्हणून आनंदराव पेंटर यांच्या साथीनं तो इथेच जुळवायला बसले. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि त्यावर कोल्हापुरात मूकपट निघाले. चित्रकाराचा हात आणि फिटरचा हात एकाच माणसाला असणं या गावात नवल नाही. माझ्या शेडच्या दोन्ही बाजूंना लेथ चालतात, आणि माझं निम्मं शिक्षण तिथे झालं आहे.

६. वस्तू नव्या घ्याव्यात की जुन्या? मिळतात कुठे?

दोन्हींचं बोलणं वेगळं असतं. नवी वस्तू एकसारखेपणा सांगते: पाचशे वाट्या, एकीचा दुसरीशी केसाचाही फरक नाही. जुनी वस्तू माणूस सांगते: पोचा, घासून गुळगुळीत झालेला काठ, तळाला कोरलेलं नाव आणि लग्नाची तारीख. दोन्ही एकाच शिल्पात घालायच्या असतील तर कारण असल्याशिवाय घालू नका. नव्या वाट्यांच्या रांगेत एकच जुनी घातली की सगळं लक्ष तिच्याकडेच जातं.

जुन्यासाठी भंगारवाल्याकडे सकाळी लवकर जा, मालाची विभागणी व्हायच्या आत. एकदा स्टील, बीड (म्हणजे ओतीव लोखंड), पितळ वेगळं होऊन तोडलं गेलं की आपल्या कामाचं काही उरत नाही. किलोच्या भावानं मिळतं, पण निवडून घेणार असाल तर दोन रुपये जास्त द्या आणि आधीच सांगा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमध्ये रिजेक्ट झालेलं कास्टिंग असतं. ते बहुधा पुन्हा भट्टीत जातं, त्यामुळे मालकाशी आधी बोलावं लागतं. नव्यासाठी भांड्यांच्या घाऊक दुकानात डझनाचा भाव विचारा.

एक सांगतो, नोंदवही ठेवा: वस्तू कुठली, किती घेतल्या, तळाला कुठला मार्क आहे. याचं कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

७. एका शिल्पाला किती वस्तू लागतील हे आधी कसं काढायचं?

शाळेतलं गणित पुरतं. समजा एक मीटर व्यासाचा गोल वाट्यांनी मढवायचा आहे. गोलाचं पृष्ठफळ म्हणजे पाय गुणिले व्यासाचा वर्ग, म्हणजे सुमारे ३१,४०० चौरस सेंटिमीटर. वाटीचा व्यास ८ सेंटिमीटर धरला आणि मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकमेकींना चिकटून वाट्या बसवल्या, तर एक वाटी सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर जागा खाते. भागाकार येतो साधारण ५७०. गोलावर सगळीकडे पोळ्याची रचना नीट बसत नाही, काही वाट्या वेल्डिंगमध्ये जळतात, म्हणून दहा टक्के वर धरा. म्हणजे सव्वासहाशे आणा. वाटी ५० ग्रॅमची असेल तर ५७० वाट्यांचंच वजन साडेअठ्ठावीस किलो, सांगाडा वेगळा.

हे गणित आधी घातलं की पुष्कळ कल्पना तिथेच लहान होतात, आणि त्या लहान झालेल्याच चांगल्या असतात असा माझा अनुभव आहे.

८. स्टील, पितळ, जर्मन, बीड: कशाला काय जोडायचं? आमचा वेल्डर म्हणतो होत नाही.

तुमचा वेल्डर बहुधा खरं सांगतो आहे. सगळ्यांत जास्त माल इथेच वाया जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

घरातली स्टीलची भांडी पातळ असतात. साध्या आर्कनं टाका मारायला गेलात की भोक पडतं. त्यांना आर्गन वेल्डिंग लागतं, कमी करंट आणि चांगला हात. स्टीलला स्टील जोडताना ३०८ ची फिलर तार, स्टीलला साधं लोखंड जोडताना ३०९ ची. लोखंडी सांगाड्यावर स्टीलची भांडी बसवणाऱ्या प्रत्येकाला ही दुसरी गोष्ट कळायला हवी, नाहीतर टाके टिचतात. स्टील कुठलं आहे ते ओळखायला लोक लोहचुंबक लावतात. त्याचा उपयोग अर्धाच. चुंबकाला चिकटलं तर ते ३०४, म्हणजे कमी गंजणाऱ्या प्रतीचं स्टील, नाही एवढं बहुतेक वेळा खरं. पण न चिकटणारं स्टील २०२ सुद्धा असू शकतं, आणि ते पावसात लवकर डागाळतं.

पितळेत जस्त असतं, आर्कच्या उष्णतेनं ते उडून जातं आणि जोड भुसभुशीत होतो. पितळेला ब्रेझिंग करा, म्हणजे पितळ न वितळवता, त्याच्या आधी वितळणारा धातू फटीत भरून जोडा. जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळायच्या आधी लाल होत नाही, त्यामुळे नवख्या माणसाच्या डोळ्यांदेखत डबा बसतो. त्याला एसी आर्गन लागतं, नाहीतर सरळ रिव्हेट मारा. बीड वेल्ड केल्यावर थंड होताना टिचतं. तापवून, निकेलच्या रॉडनं, सावकाश थंड करत जोडता येतं, पण मी तरी ड्रिल मारून बोल्टच लावतो.

खरं तर कुठल्याही धातूला माझी पहिली पसंती नट-बोल्ट आणि रिव्हेटला असते. वस्तू जळत नाही, तिचा रंग बदलत नाही, आणि उद्या काढता येते. एमसीलनं चिकटवलेलं शिल्प मात्र प्रदर्शनापुरतं समजा.

९. प्लॅस्टिकच्या बादल्या, खुर्च्या, स्ट्रॉ वापरल्या तर?

वापरा, रंगासाठी तर प्लॅस्टिकसारखं दुसरं काही नाही. टोनी क्रॅग या ब्रिटिश शिल्पकारानं १९८१ साली सापडलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून भिंतीवर ब्रिटनचा नकाशा मांडला होता. अडचण दोन गोष्टींची. बादल्या आणि खुर्च्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात त्याला कुठलाही साधा गोंद धरत नाही, म्हणून भोक पाडून तार, बोल्ट किंवा केबल टाय. दुसरं ऊन. उन्हात प्लॅस्टिक फिकं पडतं आणि मग कुरकुरीत होऊन तुटतं, आणि तुकडे नाल्यातून पंचगंगेत जातात. म्हणून माझं ठाम मत: प्लॅस्टिकचं शिल्प छताखालीच. बाहेर ठेवायचंच असेल तर उतरवायची तारीख आधी ठरवा. केबल टाय काळे घ्या, पांढऱ्यांपेक्षा ते उन्हात जास्त टिकतात.

१०. उघड्यावर ठेवलं तर कोल्हापूरच्या पावसात टिकेल का?

टिकेल, पण पाण्याचा विचार आकाराइतकाच आधी करावा लागतो. वर तोंड केलेली प्रत्येक वाटी, प्रत्येक डबा पाणी धरतो. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. त्यामुळे प्रत्येक खोलगट वस्तूच्या सगळ्यांत खालच्या बिंदूला ६ मिलिमीटरचं भोक मारा, आणि ते जोडणीच्या आधी मारा. मी हे एकदा विसरलो होतो. चारशे वाट्यांना शिडीवर उभं राहून ड्रिल मारावं लागलं, जुलैमध्ये.

दोन वेगळे धातू ओले होऊन एकमेकांना टेकले की त्यांतला हलका पडणारा धातू लवकर कुजतो. स्टीलच्या जोडीत लोखंड कुजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. लोखंडाला रेड ऑक्साइड पावसाळ्यानंतर नव्हे, मे महिन्यात मारा. पायाचं काम सिव्हिलवाल्याकडून करून घ्या, कारण वाट्यांचा गोल वाऱ्याला शिडासारखा वागतो.

११. घरी करताना काय सांभाळावं?

जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा पाइप तसाच वेल्ड करू नका. पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी-ताप भरतो. आधी मुलामा घासून काढा आणि उघड्यावर काम करा. तेलाचा, रंगाचा, पेट्रोलचा बंद ड्रम कापू नका, तो रिकामा दिसला तरी आतल्या वाफेनं फुटतो आणि माणूस जातो. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, बॅटरीत शिसं आणि ॲसिड. या दोन्हींना हात नको. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणारे आपल्याकडे फार आहेत. त्यांच्यापैकी होऊ नका. मुलांबरोबर करायचं असेल तर फक्त तार, बोल्ट आणि दोरा.

१२. गॅसचा सिलिंडर, रेल्वेचं सामान, मॅनहोलची झाकणं, जुनी नाणी भंगारात मिळतात. घ्यावीत का?

नाही. घरगुती गॅसचा सिलिंडर आपल्या घरात असला तरी मालकी तेल कंपनीची असते. रेल्वेचं सामान बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गटाराचं झाकण भंगारात आलं म्हणजे रस्त्यावर कुठेतरी खड्डा उघडा पडला आहे. चलनातली नाणी कापणं, वितळवणं, मोडणं २०११ च्या नाणे कायद्यानं मना आहे, त्यामुळे नाण्यांना भोक पाडून माळ करायचा विचार सोडून द्या.

१३. कोल्हापुरी चप्पल यात बसते का? ती तर हातानं होते.

फार चांगला प्रश्न, आणि मी याच्यावर बरेच दिवस अडलो होतो. कोल्हापुरी चप्पल रोजच्या वापरातली आहे, पण साच्यातली नाही. कातडं कापणं, तळ शिवणं, वेणी घालणं, सगळं हातानं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या बाजूचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. दोनशे कोल्हापुरी एकत्र ठेवल्या तर 'एकसारख्या दोनशे' दिसत नाहीत, दोनशे वेगळ्या दिसतात. म्हणजे माझ्या व्याख्येत ती बसत नाही.

तरी वापरावी असं मला वाटतं, पण तो फरक दाखवण्यासाठी. यंत्राच्या रबरी चपला आणि हाताच्या कोल्हापुरी शेजारी मांडल्या की कुणी काही न सांगता नजर हातावर थांबते. दोन पथ्यं पाळा. ज्या कारागिराकडून घेतल्या त्याचं नाव, त्याच्या परवानगीनं, फलकावर त्याच्याच घडणीचं म्हणून लिहा. तुम्ही ती 'सापडलेली वस्तू' म्हणू नका, ती कुणीतरी घडवलेली आहे. आणि पायताण देवाच्या किंवा माणसाच्या चेहऱ्याला जोडू नका. ज्याचं मन दुखेल त्याला कलेचं कारण सांगून ते भरून येत नाही. पावसाळ्यात कातड्याला बुरशी येते, म्हणून हवेशीर जागी ठेवा.

१४. आमच्या मंडळाला यंदा वस्तूंचा गणपती करायचाय. काय घ्यावं?

आधी ठरवा, की अनंत चतुर्दशीनंतर त्या वस्तूंचं काय होणार. त्यावरूनच वस्तू ठरेल. वह्या, पेन्सिली, ताटं, वाट्या घेतल्या तर न चिकटवता तारेनं बांधा, म्हणजे नंतर शाळेत किंवा वसतिगृहात वाटता येतील. ती गणेशमूर्ती संपते कशी, हाही तुमच्या देखाव्याचा भाग आहे, आणि लोकांना तो आवडतो. खाण्याच्या वस्तू घेऊ नका, मुंग्या आणि उंदीर पाचव्या दिवशी येतात. पूजेची मूर्ती वेगळी, लहान, मातीची ठेवा. किती वस्तू लागतील ते प्रश्न ७ वरून काढा, नाण्यांचा विचार असेल तर आधी प्रश्न १२ वाचा.

१५. शिल्पातली एक वाटी निघाली आणि दुसरी लावली, तर शिल्प तेच राहतं का?

माझ्या मते राहतं, दुसरी वाटी त्याच जातीची असेल तर. मातीच्या शिल्पाचं नाक तुटलं तर कलावंताचं बोट गेलं. इथे गेली ती हजारातली एक. म्हणून तर साच्यातली वस्तू घेतली.

पण त्यात एक मेख आहे. कारखाने मॉडेल बदलतात. आज मिळते ती वाटी दहा वर्षांनी मिळत नाही. द्युशाँच्या 'फाउंटन'चं हेच झालं. १९६४ साली त्याच्या प्रती करायच्या ठरल्या तेव्हा तसं भांडं बाजारात मिळत नव्हतं, म्हणून जुन्या फोटोवरून ती कुंभारकामानं पुन्हा घडवावी लागली. यंत्रानं केलेल्या वस्तूची नक्कल हातानं! म्हणून शिल्प विकताना मी पाच टक्के जास्तीच्या वस्तू आणि नोंदवहीचं पान बरोबर देतो. जुन्या, नाव कोरलेल्या भांड्यांना मात्र हे लागू नाही. ते गेलं की गेलं, तिथे रिकामी जागा ठेवावी.

१६. माझी कल्पना कुणी उचलली तर? आणि वस्तूवरचं कंपनीचं नाव दिसलं तर?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती धरली आहे आणि संरक्षण कलावंताच्या हयातीत व नंतर ६० वर्षं असतं. पण 'भांड्यांची कवटी' ही कल्पना कुणाच्या मालकीची होत नाही, तिची विशिष्ट घडण होते. तुमची रचना जशीच्या तशी उचलली तर भांडता येतं. कायम सार्वजनिक जागेत असलेल्या शिल्पाचे फोटो मात्र कुणालाही काढता येतात.

विकल्यावरही कलावंताचा एक हक्क राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ साली उतरवून नुकसान होईल असं गोदामात टाकलं गेलं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तुमच्या करारात हे वाक्य असू द्या: हलवण्या-मोडण्याआधी मला विचारायचं.

डब्यावर कंपनीचं नाव आहे तसं दिसलं तर बहुधा अडचण नसते. ती कंपनी तुमच्या पाठीशी आहे असं भासवलं किंवा तिची बदनामी केली तर येते. मोठं काम असेल तर वकिलाला दाखवा.

१७. गिऱ्हाईक म्हणतं, "शेवटी भांडीच आहेत, एवढी किंमत कशाची?"

हे अमेरिकेच्या कस्टमनंही म्हटलं होतं. १९२६ साली शिल्पकार ब्रांकुसीचं 'बर्ड इन स्पेस' हे पक्ष्याच्या उड्डाणाचं झळझळीत धातूशिल्प तिथे पोचलं, तेव्हा अधिकाऱ्यांनी ते स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या गटात टाकून ४० टक्के कर लावला. १९२८ साली कोर्टानं ते शिल्पच आहे असा निकाल दिला. पण २०१० साली युरोपियन कमिशननं अमेरिकी कलावंत डॅन फ्लेविनच्या ट्यूबलाइटच्या कलाकृती करासाठी दिव्याच्या सामानातच धरल्या. म्हणजे वाद मिटलेला नाही.

मी गिऱ्हाइकाला हिशेब दाखवतो: वस्तूंचा खर्च, वेल्डरची मजुरी, माझे दिवस, आणि मोडून पुन्हा केलेलं काम. मोडलेलं काम हिशेबात धरा. धरलं नाही तर वर्षभरात शेड सोडावी लागते.

१८. पोराला हे शिकायचंय. कुठे घालू?

आधी शिल्पकलेचं नेहमीचं शिक्षण: कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट आहेत, मुंबईत १८५७ पासूनचं जे. जे. आहे. मातीत माणसाचं डोकं करता आलं पाहिजे, तेव्हाच वाट्यांचं करता येतं. त्याच्या जोडीला सहा महिने एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हेल्पर म्हणून. दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात काही लागलं असेल तर आठवड्याला एकदा घेऊन जा.

१९. पुरात खराब झालेल्या वस्तूंचं शिल्प करावं का? २०१९ चं सामान आमच्याकडे अजून आहे.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त सुतारवाडा आणि कुंभार गल्लीकडून येतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला फ्रिज, गाद्या, मिक्सर, डबे यांचे ढीग होते. एका कलाविद्यार्थ्यानं मला विचारलं, की उचलू का. मी नको म्हटलं. ते भंगार नव्हतं, लोक अजून त्यातून काही वाचतं का बघत होते.

घरच्यांनी स्वतः आणून दिलं तर गोष्ट वेगळी. तेव्हाही वस्तू घासून चकचकीत करू नका. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून गरम पाण्यानं आणि ब्लीचिंगनं निर्जंतुक करा, पण गाळाची रेघ राहू द्या.

शेजारच्या गल्लीतल्या एका मावशींनी मला सात डब्यांचा संच दिला होता, पोह्यांपासून साखरेपर्यंतचा. सातही डब्यांवर गाळाची रेघ आहे, आणि सगळे डबे एका फळीवर ओळीनं होते म्हणून ती रेघ सातही डब्यांवर एकाच उंचीला आहे. मी ते काहीच न करता, त्याच क्रमानं, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीच्या उंचीवर भिंतीला लावले. मावशी बघायला आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या, मग तिसरा डबा उचलून पाचव्याच्या जागी ठेवला आणि पाचवा तिसऱ्याच्या. म्हणाल्या, "डाळ इकडं असती, बाळा."